पाच हजार तुकडे लावण्याआधी

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तुमच्या डायव्हिंग गटाला तीन वर्षांपुरता निधी मिळालाय. ज्या प्रवाळभित्तीवर तुम्ही वर्षानुवर्षं उतरता, ती दोन उन्हाळ्यांपूर्वी पांढरीफटक पडली आणि उथळ भागातली बहुतेक फांदीदार प्रवाळं मेली. आता तिथे जिवंत प्रवाळाचे पाच हजार तुकडे लावायचं ठरतंय. कोणती पद्धत घ्यावी, आणि समुद्र असाच तापत राहणार असेल तर या खटाटोपाला अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय.

मी प्रवाळांच्या नर्सरीत सतरा वर्षं काम करतेय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पद्धत त्यावरच ठरते.

अर्थ आहे का, याला सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही. तुमची भित्ती नेमकी कशाने मेली, ते कारण अजून तिथेच आहे का, आणि पुढची उष्ण लाट येईपर्यंत तिला किती वर्षं मिळतील, यावर ते अवलंबून आहे. पाच हजार हा आकडा यात कुठेच येत नाही. मला भेटणारे बहुतेक गट पहिल्या वाक्यात आकडाच सांगतात. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच करायचे, त्यामुळे नावं ठेवत नाही.

आधी उष्णतेचा हिशेब. प्रवाळ हा प्राणी आहे आणि त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात, हे तुम्हाला माहीत असेलच. प्रवाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी ९० टक्क्यांपर्यंत वाटा हे शैवाल पुरवतात. पाणी फार तापलं की त्यांचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, पेशींना घातक अशी ऑक्सिजनची संयुगं तयार होतात आणि प्रवाळ या भाडेकरूंना बाहेर काढतं. मग पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. पण पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतात. फरक ओळखायचा तर अगदी जवळ जाऊन बघा. जिवंत असेल तर सांगाड्यावर ओल्या काचेसारखी चकाकणारी कातडी दिसते, पॉलिपची, म्हणजे प्रवाळ ज्यांचं बनतं त्या इवल्या जिवांची, बारीक तोंडं दिसतात. मेलेल्यावर थोड्याच दिवसांत केसाळ शेवाळाची मळकट साय चढते. ‘सगळं पांढरं म्हणजे सगळं गेलं’ असं समजून पाहणी बंद केलेले गट मी पाहिलेत, आणि त्यांच्या भित्तीतला तिसरा हिस्सा नंतर सावरला हे त्यांना वर्षभराने कळलं.

पाणी किती तापलं आणि किती दिवस तापलं, हे दोन्ही एकत्र मोजायला ‘डिग्री हीटिंग वीक’ हे माप आहे. मी त्याला अंश-आठवडा म्हणते. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याचं नेहमीचं सरासरी तापमान घ्यायचं. पाणी त्याहून १ अंश सेल्सिअस किंवा जास्त वर गेलं की मोजणी सुरू. दीड अंश वर आणि चार आठवडे, म्हणजे ६ अंश-आठवडे. मागच्या बारा आठवड्यांची बेरीज धरतात. ४ च्या आसपास ब्लीचिंग, म्हणजे हे पांढरं पडणं, ठळक दिसू लागतं, ८ च्या पुढे प्रवाळं मरायला लागतात. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेची इशाऱ्याची पट्टी पूर्वी तिथेच संपायची. २०२३ च्या डिसेंबरात त्यांना वर आणखी तीन पायऱ्या जोडाव्या लागल्या, आणि सर्वांत वरची २० अंश-आठवड्यांपासून सुरू होते. पट्टीच कमी पडली, यावरून काय ते समजा.

ही माहिती नोआच्या ‘कोरल रीफ वॉच’वर फुकट मिळते, साधारण पाच किलोमीटरच्या चौकटीत, १९८५ पासूनची. तुमचं पहिलं काम पाण्याबाहेरचं आहे. तुमच्या भित्तीचा आलेख काढा आणि ४ च्या वर किती वेळा गेला, ८ च्या वर किती वेळा गेला, आणि दोन मोठ्या उष्ण लाटांमध्ये किती वर्षं गेली, ते कागदावर लिहा.

कारण सगळी मेख त्या मधल्या वर्षांत आहे. जगभरातल्या १०० भित्त्यांचा एकत्र अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८० च्या सुमारास तीव्र ब्लीचिंग एखाद्या जागी २५-३० वर्षांतून एकदा व्हायचं, ते अंतर २०१६ पर्यंत साधारण सहा वर्षांवर आलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ अशी मोठी ब्लीचिंगं झाली. शेवटची अंतरं नुसती बोटांवर मोजून बघा. फांदीदार अॅक्रोपोरासारखी झपाट्याने वाढणारी प्रवाळंसुद्धा भित्ती पुन्हा भरायला दहाएक वर्षं घेतात. गोल, दगडासारखी पोराइट्स वर्षाला साधारण एक सेंटीमीटर वाढते. तिचा हिशेब तर दशकांत आहे.

म्हणून मी नवीन गटाला पहिल्याच बैठकीत सांगते, की लागवड हा तापमानावरचा उपाय नव्हे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०१८ च्या अहवालानुसार जगाचं तापमान औद्योगिक काळाआधीपेक्षा १.५ अंशाने वाढलं तर उष्ण कटिबंधातल्या ७० ते ९० टक्के प्रवाळभित्त्या जातील, २ अंशाने वाढलं तर ९९ टक्क्यांहून जास्त. त्या समीकरणात आपल्या तुकड्यांची संख्या कितीही वाढवली तरी पारडं हलत नाही. मग मी रोज पाण्यात का उतरते? काही वाण जिवंत राहावेत, ते एकमेकांच्या इतके जवळ असावेत की पौर्णिमेनंतरच्या रात्री त्यांनी सोडलेली अंडी आणि शुक्राणू पाण्यात भेटावेत, आणि उष्णतेत जे तग धरतात त्यांची नोंद कुणाजवळ तरी असावी, म्हणून. मी बियाणं राखते. बियाणं राखणाऱ्याचं काम आणि जंगल उभं करणाऱ्याचं काम वेगळं असतं. तुम्ही दुसरं कबूल करून निधी घेतला असेल तर तो मसुदा आजच बदलून घ्या.

आता भित्ती कशाने मेली याकडे. उष्णतेनेच, असं तुम्ही लिहिलंय. असेलही. पण दोन उदाहरणं शेजारी ठेवते.

इंडोनेशियात दक्षिण सुलावेसीजवळच्या काही भित्त्या स्फोटकं टाकून केलेल्या मासेमारीने उद्ध्वस्त झाल्या होत्या. तळाशी नुसता तुकड्यांचा खच, लाटेबरोबर गडगडणारा. त्यावर नवं प्रवाळ बसलं तरी दगडासकट उलथून मरायचं. तिथे ‘रीफ स्टार’ नावाच्या षटकोनी, वाळूचा लेप दिलेल्या लोखंडी चौकटी एकमेकींना बांधून तळावर टाकल्या, प्रत्येकीवर पंधरा तुकडे बांधले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार चार वर्षांत त्या जागांवर चुनखडी साठण्याचा वेग शेजारच्या निरोगी भित्तीइतका झाला. स्फोट थांबले होते, पाणी चांगलं होतं, अडचण फक्त सैल तळाची होती आणि तीच सोडवली. लावलेली बहुतेक प्रवाळं फांदीदार होती, त्यामुळे नैसर्गिक भित्तीतलं जातींचं मिश्रण काही आलं नाही, आणि फांदीदार जातीच उष्णतेला आधी बळी पडतात, हेही तिथल्या संशोधकांनी सांगितलंय.

दुसरं उदाहरण फ्लोरिडाचं. तिथे एल्कहॉर्न आणि स्टॅगहॉर्न या दोन फांदीदार जाती १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून रोगाने घटत गेल्या, १९८३-८४ मध्ये शेवाळ खाणारे लांब काट्यांचे समुद्री साळू साथीत मेले, आणि त्यानंतर जगातली सर्वांत नावाजलेली लागवड तिथेच उभी राहिली. पाण्यात टांगलेली ‘कोरल ट्री’ची, म्हणजे तुकडे लटकवायच्या झाडासारख्या चौकटीची, नर्सरी बहुतेकांनी त्यांच्याकडूनच उचलली, मीसुद्धा. मग २०२३ चा उन्हाळा आला. जुलैतच, म्हणजे पाणी सर्वांत तापण्याच्या काळाच्या बरंच आधी, तिथल्या सॉम्ब्रेरो रीफवर एकही प्रवाळ जिवंत सापडलं नाही. नर्सरीतली हजारो प्रवाळं गाड्यांत भरून जमिनीवरच्या टाक्यांत न्यावी लागली. नंतर झालेल्या मोजणीत फ्लोरिडा कीज आणि ड्राय टॉर्टुगास या दक्षिणेकडच्या बेटांच्या भागात या दोन जातींच्या ९७ टक्क्यांहून जास्त वसाहती (एकमेकांना जोडलेल्या पॉलिपांचं एक अख्खं प्रवाळ म्हणजे एक वसाहत) मेलेल्या निघाल्या. त्या लोकांच्या कौशल्यात काहीच कमी नव्हतं. आणि एक बारकावा: त्याच किनाऱ्यावर उत्तरेला, जिथे पाणी तुलनेने कमी तापलं, तिथे मृत्यू बरेच कमी होते.

या दोन गोष्टींत तुमची भित्ती कुठे बसते ते शोधा. गटारं, शेतातलं खत, बांधकामाची माती यातलं काही तिथे उतरतं का? हा प्रश्न उष्णतेपासून वेगळा वाटतो, पण नाही. पाण्यात नायट्रोजन वाढलं आणि फॉस्फेट त्या प्रमाणात नसलं, तर प्रवाळातले शैवाल असंतुलित होतात आणि त्याच तापमानाला प्रवाळ लवकर पांढरं पडतं. म्हणजे पाणी स्वच्छ ठेवणं हा उष्णतेविरुद्धचाच एक बचाव आहे, आणि तो तुमच्या हातातला आहे. मेलेल्या खडकांवर शेवाळाचं जंगल माजलंय की गुलाबी, कवचासारखा पसरणारा कोरलाइन शेवाळाचा थर आहे? गुलाबी थर असेल तर आनंद माना, प्रवाळाच्या अळ्या त्यालाच हुंगून उतरतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: मेलेल्या भित्तीवर एक-दोन सेंटीमीटरची नवी पिल्लं आपोआप उगवताना दिसतात का? एक मीटरची चौकट टाकून रात्री निळ्या दिव्याखाली मोजा, त्यातली बरीच हिरवी चमकतात. पिल्लं भरपूर दिसली तर तुकडे लावायची गरजच नाही. पैसे पाणी, मासेमारीचे नियम आणि नांगर न टाकता होड्या बांधता याव्यात म्हणून लावायच्या बोयांवर खर्च करा. हे सांगितलं की गटांचे चेहरे पडतात. बोया लावतानाचे फोटो तितकेसे चांगले येत नाहीत.

समजा तपासणीअंती लागवड करायचीच असं ठरलं. मग माझा सगळा जोर एका गोष्टीवर आहे: तुकडे किती, याहून ते किती वेगवेगळ्या वसाहतींमधून आलेत.

हे मी शिकले ते एका दोरीवरून. आमच्या जुन्या नर्सरीत तळाशी समांतर ताणलेल्या चौदा दोऱ्या होत्या. सात नंबरच्या दोरीवरचं स्टॅगहॉर्न नुसतं सुसाट वाढायचं, वर्षाला दहा-बारा सेंटीमीटर, फांद्या जाड, रंग सुरेख. साहजिकच आम्ही त्यातूनच तोडत राहिलो. तुकड्याचे तुकडे, त्यांचेही तुकडे. दोन वर्षांत भित्तीवर लावलेल्यांपैकी अर्ध्याहून जास्त त्या एकाच वसाहतीची अपत्यं होती, म्हणजे जनुकांच्या दृष्टीने ती सगळी मिळून एकच प्रवाळ होतं. मग ७ अंश-आठवड्यांचा एक उन्हाळा आला. सकाळी मुखवटा पाण्यात घातला तेव्हा सात नंबरची दोरी जांभळ्या-निळ्या रंगात झगमगत होती. आमच्यातला एक नवा मुलगा वर येऊन म्हणाला, ‘ताई, काय सुंदर दिसतंय!’ शैवाल जायला लागले की काही प्रवाळं आपली स्वतःची रंगद्रव्यं अशी वाढवतात, उन्हापासून बचाव म्हणून. मला माहीत होतं. पुढच्या आठवड्यात ती दोरी पांढरी झाली, तीन आठवड्यांत तिच्यावर शेवाळ चढलं. शेजारच्या अकरा नंबरच्या दोरीवरचं काटकुळं, तपकिरी, वर्षाला कशीबशी पाच सेंटीमीटर वाढणारं प्रवाळ मात्र फिकट पडून परत सावरलं. ज्याला आम्ही ‘आळशी’ म्हणायचो ते.

यात गूढ काही नाही. काही प्रवाळांच्या अंगात ड्युरुस्डिनियम गटातले शैवाल राहतात. ते एक-दीड अंश जास्त उष्णता सोसू देतात, पण प्रवाळाला अन्न कमी देतात, म्हणून वाढ मंद. दरवेळी असंच असतं असं नाही, प्रवाळाची स्वतःची जनुकंही असतात, पण जो सर्वांत जोरात वाढतो तोच निवडायचा ही माळ्याची सवय इथे घातक ठरते. म्हणून माझा नियम: एका जातीच्या किमान वीस-पंचवीस वेगळ्या वसाहती, एकमेकींपासून दूरच्या, वेगवेगळ्या खोलीवरच्या. एका वसाहतीतून दहाव्या हिश्शाहून जास्त तोडायचं नाही. आणि प्रत्येक तुकड्याला मूळ वसाहतीचा क्रमांक. टॅग प्लास्टिकचा, अंक कोरलेले. मार्करने लिहिलेले टॅग समुद्र चार महिन्यांत पुसतो, आणि कोरलेल्यांवरही शेवाळ चढतं, ते नखाने खरवडून वाचावे लागतात. कंटाळवाणं आहे. पण लाटेनंतर ‘साठ टक्के मेले’ एवढंच हातात उरलं तर तुम्ही काहीच शिकला नाहीत. ‘४, ९ आणि २२ नंबरचे वाचले’ हे उरलं तर पुढच्या हंगामाचं बियाणं मिळालं.

पहिली तोडणी कुठून करायची? त्या उन्हाळ्यात जी वाचली त्यांच्यातून. तुमच्याकडे ही नैसर्गिक परीक्षा आधीच झालीय. शिवाय ओहोटीला जिथे पाणी कोंडून तापतं अशी उथळ डबकी जवळपास असतील तर तिथली प्रवाळं बघा. अमेरिकन सामोआमधल्या ओफू बेटाजवळ अशाच तापणाऱ्या डबक्यांतल्या प्रवाळांपासून नर्सरी केली होती, आणि नंतरच्या लाटेत ती थंड भागातल्या प्रवाळांपेक्षा दोन-तीन पटींनी कमी पांढरी पडली. परवानगी मात्र आधी घ्या. बहुतेक देशांत जिवंत प्रवाळ तोडणं नियमाखाली आहे, आणि दगडी प्रवाळं सीमेपलीकडे नेणं साइटिस या धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येतं.

पद्धतींचं थोडक्यात सांगते, कारण लोक यावर उगाच भांडतात. फांदीदार जातींसाठी बोटभर तुकडे, पाण्याच्या मध्यात टांगलेल्या झाडावर किंवा दोरीवर सहा ते बारा महिने, मग भित्तीवर: हे स्वस्त आणि खात्रीचं. गोल, दगडी जातींसाठी सूक्ष्म तुकड्यांची पद्धत. डायमंड पात्याच्या करवतीने सेंटीमीटरभर तुकडे कापायचे, चकत्यांवर चिकटवायचे आणि एकाच वाणाच्या चकत्या भित्तीवर शेजारीशेजारी बसवायच्या. जखम भरून काढण्याच्या घाईत ते भराभर पसरतात आणि एकमेकांना ओळखून सांधले जातात. वर्षाला सेंटीमीटर वाढणाऱ्या जाती यामुळे आवाक्यात आल्या. याला जमिनीवरच्या टाक्या लागतात. तिसरी पद्धत अळ्यांची: सामूहिक प्रजननाच्या रात्री अंडी-शुक्राणूंची पुडकी गोळा करून पाण्यात अळ्या वाढवायच्या आणि भित्तीवर सोडायच्या. जनुकीय विविधता फक्त इथेच नव्याने तयार होते, तुकड्यांत ती कधीच वाढत नाही. पण पहिल्या वर्षात बहुतेक पिल्लं मरतात, आणि तुम्हाला दरवर्षी पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्रीच मिळतात. एखादी रात्र चुकली की बारा महिने थांबा. नवख्या गटाने पहिल्या वर्षी यात पडू नये असं माझं मत आहे. जवळच्या संशोधन संस्थेला बरोबर घेतलं तर गोष्ट वेगळी.

काँक्रीटचे पुतळे, जुन्या बोटी, टायर वगैरे तळाला टाकायच्या कल्पना कुणी आणली तर नम्रपणे नको म्हणा. फ्लोरिडाच्या फोर्ट लॉडरडेलसमोर १९७० च्या दशकात सुमारे वीस लाख टायर ‘कृत्रिम भित्ती’ म्हणून टाकले. बांधणी गंजून तुटली आणि सुटे टायर वादळात शेजारच्या खऱ्या प्रवाळांवर आपटत राहिले. ते काढण्याचं काम आजही पूर्ण झालेलं नाही. तुमच्याकडे घट्ट खडक शिल्लक असेल तर चौकटीसुद्धा नकोत.

लावतानाचं काम डोळ्यांसमोर यावं म्हणून एका तुकड्याचं सांगते. आधी खडकावर मुठीएवढी जागा तारेच्या ब्रशने पांढरी दिसेपर्यंत घासायची. एपॉक्सी या दोन भागांत येणाऱ्या घट्ट डिंकाचे दोन रंग हातमोज्यात मळून एकरंगी गोळी करायची. पाण्यात ती आधी निसरडी असते, मग अचानक धरते, त्या मधल्या मिनिटात बसवायची. तुकडा गोळीत खोचून त्याचं जिवंत मांस खडकाला टेकेल असा कलता ठेवायचा, म्हणजे ते स्वतः खडकावर पसरून पाय रोवतं. मग बोटाच्या टोकाने हलवून बघायचं. किंचितही डुलला तर काढून पुन्हा. डुलणारा तुकडा कधीच चिकटत नाही. सराव झालेला डायव्हर हवेच्या एका टाकीत, म्हणजे एका बुडीत, पंचवीस-तीस नीट लावतो. कुणी शंभर म्हणाला तर त्याचे सहा महिन्यांनी मोजा.

आणि लावल्यावर काम सुरू होतं. पहिल्या आठवड्यात मासे नवी चव घ्यायला येतात, काही तुकडे बोडके होतात. मग ड्रुपेला नावाच्या बोराएवढ्या गोगलगायी. फांद्यांच्या बेचक्यात दडतात, पायथ्यापासून पांढरी किनार दिसली की चिमट्याने शोधून काढायच्या. काटेरी मुकुटाचा तारामासा आला तर एकटाच महिन्याभरात खूप मोठा तुकडा साफ करतो. घरगुती व्हिनेगरचं इंजेक्शन त्याला पुरतं, हे ऑस्ट्रेलियात तपासलं गेलंय. नर्सरीतल्या दोऱ्या आणि चकत्या दर दोन-तीन आठवड्यांनी टूथब्रशने घासाव्या लागतात. भित्तीवर हे काम पोपटमासे, सर्जनफिश आणि समुद्री साळूंनी करायचं असतं. ते नसतील तर तुम्ही पाच हजार तुकडे जन्मभर घासत बसाल. बेलीझ या मध्य अमेरिकेतल्या देशाने २००९ मध्ये शेवाळ खाणारे मासे पकडण्यावर बंदी घातली. तुमच्या किनाऱ्यावर निदान मच्छीमारांशी बोलून लागवडीच्या पट्ट्यात जाळं न टाकण्याचं ठरवता आलं, तर ते हजार तुकड्यांहून मोलाचं आहे. त्यांना आराखड्यात पहिल्या दिवसापासून घ्या, उद्घाटनाला बोलावू नका.

उष्ण उन्हाळ्यासाठीची तयारी हा वेगळा विषय, आणि तो निधीच्या अर्जात कुणीच लिहीत नाही. माझ्या हिशेबात तीन वर्षांत किमान एक वाईट उन्हाळा धरलेला असतो. लागवड उष्ण हंगाम सरल्यावर, पाणी निवू लागताच करायची, म्हणजे पुढच्या उष्म्याआधी तुकड्याला आठ-नऊ महिने मिळतात. ४ अंश-आठवड्यांचा अंदाज दिसला की तोडणी, लागवड, हाताळणी सगळं बंद. नर्सरीची झाडं लांब दोरीवर बांधलेली असावीत, म्हणजे दोन-तीन तासांत पाच-दहा मीटर खाली उतरवता येतात. खाली ऊनही कमी आणि कित्येकदा पाणीही थोडं थंड. उतरवायला खोलीच नसेल तर वर सावलीची जाळी. ब्लीचिंगमध्ये उष्णतेबरोबर प्रकाशाचाही हात असतो, म्हणून सावली उपयोगी पडते. आणि प्रत्येक वाणाची एक तरी प्रत दुसऱ्या जागी, शक्य झाल्यास जमिनीवरच्या टाकीत. २०२३ मध्ये फ्लोरिडात जे वाण वाचले ते बहुतांशी अशा राखून ठेवलेल्या प्रतींमुळे.

नव्या संशोधनाबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय: ‘उष्णता सोसणारी सुपर प्रवाळं’ कधी मिळतील? अशी तयार मिळणार नाहीत. पलाऊ या पॅसिफिकमधल्या बेटांच्या देशात अॅक्रोपोरावर निवडक पैदाशीचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले: उष्णता सोसणारे आईबाप निवडले तर एका पिढीत साधारण १ अंश-आठवड्याची सुधारणा मिळते. आनंदाची बातमी आहे, कारण गुण वारशाने उतरतो हे सिद्ध झालं. पण वरचं माप आठवा. मोठी लाट १५-२० अंश-आठवड्यांचीही असू शकते. फ्लोरिडात होंडुरासच्या एल्कहॉर्नशी संकर केलेली पिल्लंही २०२५ मध्ये समुद्रात लावली गेली. तुमच्यासारख्या गटाला यातलं आज वापरता येण्याजोगं एकच आहे: आपल्याच भित्तीतले वाचलेले वाण ओळखून, नोंदवून, जवळजवळ लावणं. पुढे कुणी पैदास करायला आलं तर त्याला आधी तुमची वही लागेल.

पैशांचं वास्तवही सांगते. आजवरच्या लागवडींच्या खर्चाचा एकत्र आढावा झाला, त्यात मध्यक (निम्मे ज्याच्या वर आणि निम्मे ज्याच्या खाली, असा) खर्च हेक्टरी सुमारे ४ लाख अमेरिकी डॉलर निघाला. प्रकल्पांचं मध्यक क्षेत्रफळ १०० चौरस मीटरच्या आसपास, आणि ६० टक्के प्रकल्पांनी दीड वर्षाहूनही कमी काळ देखरेख केली. म्हणजे बहुतेकांनी पहिला वाईट उन्हाळा येण्याआधीच अहवाल छापला. लावलेल्यांपैकी साठ-सत्तर टक्के जगतात हा जो सुखद आकडा सगळीकडे दिसतो, तो या पार्श्वभूमीवर वाचा.

तुमच्या जागी मी असते तर तीन वर्षं अशी वाटली असती. पहिले सहा महिने एकही तुकडा तोडायचा नाही: तापमानाचा आलेख, पिल्लांची मोजणी, पाण्याची तपासणी, वाचलेल्या वसाहतींचे फोटो आणि क्रमांक, तळाशी दोन ठिकाणी तापमान नोंदवणारी छोटी यंत्रं. मग पंचवीस वसाहतींची छोटी नर्सरी. दुसऱ्या वर्षी पाचशे-सहाशे तुकडे, तीन वेगळ्या जागी आणि उथळ-खोल अशा दोन पातळ्यांवर, मीटर-दीड मीटरच्या गुच्छांत, शेजारी काहीच न लावलेला तेवढाच पट्टा तुलनेसाठी. तिसऱ्या वर्षी फक्त जे तगलं त्याची वाढ. निधीतला निम्मा भाग देखरेखीला. पाच हजार हा आकडा निधी देणाऱ्यांना हवाच असेल तर त्यांना विचारा, लागवडीच्या दिवशीचे पाच हजार हवेत की चौथ्या वर्षीचे पाचशे. आमच्या एका देणगीदाराने पहिलं निवडलं होतं. त्या जागेवर आता गंजलेले खिळे आणि सुबक टॅग आहेत.

पुढचं नेमकं सांगायला मला तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात: भित्तीची खोली किती ते किती, मेलेल्या खडकावरचा जवळून घेतलेला एक फोटो, आणि त्या उन्हाळ्यानंतर तिथे एखादी तरी फांदीदार वसाहत पूर्ण रंगात उरली आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तिला आधी टॅग लावा, मग लिहा.